साध्या कॅमेऱ्यात रमजानचे आकाश

शहरातला माणूस वर्षातून फार तर दोन संध्याकाळी मुद्दाम आकाशाकडे पाहतो. एक रमजान लागतानाची आणि दुसरी रमजान संपतानाची. पश्चिमेकडे बोटे दाखवली जातात, लहान मुलांना खांद्यावर घेतले जाते, 'दिसला, दिसला' असा आवाज उठतो आणि चांद मुबारकचे निरोप सुरू होतात. मधल्या अठ्ठावीस दिवसांत मात्र आपली नजर भिंतीवरच्या सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकावर असते. ज्या आकाशावरून हे वेळापत्रक तयार झाले, त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

खरे तर हाच महिना आकाश पाहण्यासाठी सर्वांत सोयीचा आहे. तरावीह आटोपून घरी परतताना साडेनऊ-दहा वाजलेले असतात. पहाटे चारच्या सुमारास सहेरीसाठी सारे घर जागे होते. खगोलप्रेमी मंडळी ज्या वेळांसाठी वर्षभर गजर लावून झोपतात, त्या वेळांना आपण पूर्ण महिना आपसूक जागे असतो. शिवाय रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येत आहे. पावसाळी ढग नाहीत आणि मे महिन्याची धूळही अजून नाही. हातात मोबाइल आहेच. अनेक घरांत लग्नकार्याच्या निमित्ताने घेतलेला एखादा डीएसएलआर कॅमेराही कपाटात पडून असतो. तेवढ्या साहित्यावर रात्रीच्या आकाशाचे चांगले फोटो काढता येतात. दुर्बीण लागत नाही. थोडी माहिती आणि बराचसा सब्र लागतो, आणि रमजान तर सब्राचाच महिना.

नमाजचे वेळापत्रक, फोटोचेही वेळापत्रक

सूर्य मावळला म्हणजे लगेच रात्र होत नाही. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश उतरेपर्यंत आकाशात संधिप्रकाश रेंगाळतो. खगोलशास्त्र त्यानंतरच्या वेळेला पूर्ण अंधार मानते. आपल्याकडील अनेक वेळापत्रके इशाची सुरुवात आणि सहेरीची समाप्ती याच १८ अंशांच्या हिशेबाने काढतात. म्हणजे भिंतीवरचा तो कागद छायाचित्रकाराच्याही कामाचा आहे. मगरिबनंतरचा अर्धा-पाऊण तास नव्या चंद्राचा. इशाची वेळ लागली की ताऱ्यांचा अंधार सुरू. सहेरीची वेळ संपली की तो अंधारही संपला.

दुसरी गोष्ट चंद्राची. चांद्र महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असतो, म्हणून तो कधी २९ तर कधी ३० दिवसांचा होतो. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा मावळतो आणि तितकाच उशिरा उगवतो. रमजानचे आपण तीन अशरे, म्हणजे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करतो. फोटोग्राफीसाठीही हीच विभागणी चालते. पहिल्या अशऱ्यात चंद्र मध्यरात्रीच्या आगेमागे मावळतो, त्यामुळे सहेरीचे आकाश काळेभोर मिळते. दुसऱ्या अशऱ्यात बहुतेक रात्रभर चांदणे, तेव्हा चंद्राचेच फोटो घ्यावेत. तिसऱ्या अशऱ्यात चंद्र उशिरा उगवतो, म्हणून तरावीहनंतरचे आकाश ताऱ्यांसाठी मोकळे असते.

तयारी

रात्रीच्या फोटोचे एकच मोठे तत्त्व आहे. प्रकाश कमी असतो, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचा, आणि तेवढा वेळ कॅमेरा जराही हलता कामा नये. म्हणून ट्रायपॉड हवा. तो नसेल तर गच्चीच्या कठड्यावर किलोभर तांदळाची पिशवी ठेवा आणि तिच्या खोबणीत कॅमेरा किंवा मोबाइल आकाशाकडे तोंड करून बसवा. पिशवी कॅमेऱ्याचा आकार घेते आणि तो घट्ट धरून ठेवते. बटण बोटाने दाबले तरी कॅमेरा थरथरतो, त्यासाठी दोन किंवा दहा सेकंदांचा टायमर लावायचा. फ्लॅश बंद ठेवायचा. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर लेन्सवरची हलणे रोखणारी सोयही बंद करायची.

कॅमेऱ्यावर 'एम' म्हणजे मॅन्युअल हा पर्याय निवडा. ऑटोवर ठेवल्यास कॅमेरा अंधारात गोंधळतो. फोकसही हातानेच करावा लागतो. पडद्यावर व्याधासारखा ठळक तारा आणा, चित्र मोठे करून पाहा आणि तो तारा सुईच्या टोकाएवढा दिसेपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. मग त्या जागी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, म्हणजे अंधारात रिंग सरकणार नाही. फोटो 'रॉ' प्रकारात साठवला तर नंतर उजेड-अंधार सुधारायला वाव राहतो.

मोबाइलवाल्यांनी निराश होऊ नये. 'नाइट' किंवा 'प्रो' हा पर्याय आज अनेक साध्या फोनमध्येही असतो. प्रो पर्यायात आयएसओ आणि शटरचा वेळ स्वतः ठरवता येतो. फोन भक्कम टेकवून टायमर लावला की मृग नक्षत्राचे ठळक तारे शहराच्या गच्चीवरूनही त्यात येतात.

पहिला अशरा: हिलाल आणि सहेरीची आकाशगंगा

नव्या चंद्राला अरबीत हिलाल म्हणतात. अमावास्येच्या क्षणानंतर चंद्र सूर्यापासून ताशी सुमारे अर्धा अंश दूर सरकतो. तो पुरेसा दूर गेल्याशिवाय त्याची कोर दिसू शकत नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी १९३० च्या दशकात ही मर्यादा साधारण ७ अंश असल्याचे मांडले. त्यापेक्षा कमी अंतरावर कोर इतकी बारीक आणि तुटक होते की डोळ्याला ती सापडत नाही. म्हणूनच एका गावात चांद दिसतो आणि दुसऱ्या गावात दिसत नाही. यात कोणी खोटे बोलत असेल असे नाही. ढग, धूर, क्षितिजावरच्या इमारती आणि चंद्राचे वय या सगळ्यांचा तो परिणाम असतो.

हिलालचा फोटो काढताना पहिली खबरदारी डोळ्यांची. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत कॅमेरा त्या दिशेला रोखून भिंगातून पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी शोध सुरू करावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे ही कोर उभी दिसत नाही, पाण्यावर ठेवलेल्या होडीसारखी आडवी दिसते. लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितके बरे. आयएसओ ४००, एफ ५.६ आणि शटर १/३० सेकंदापासून १/४ सेकंदापर्यंत बदलत पाच-सहा फोटो घ्यावेत. त्यातला एक हमखास चांगला येतो. चौकटीत मशिदीचा मिनार, नारळाचे झाड किंवा पाण्याची टाकी घेतली तर चंद्राच्या लहानपणाचा अंदाज पाहणाऱ्याला येतो.

दुसऱ्या ते चौथ्या संध्याकाळी आणखी एक सुंदर गोष्ट पाहायला मिळते. कोरीच्या पोटात चंद्राचा उरलेला गोल अंधुक राखाडी दिसतो. पृथ्वीवरून परतलेला सूर्याचा प्रकाश चंद्रावर पडतो आणि तिथून पुन्हा आपल्याकडे येतो, त्याचा हा उजेड. आयएसओ १६०० करून एक सेकंदाचा फोटो घेतला की कोर पांढरीफटक होते, पण तो राखाडी गोल स्पष्ट उमटतो.

या दहा दिवसांची खरी मेजवानी पहाटेची आहे. सहेरी थोडी लवकर उरकून साडेचार-पाचच्या सुमारास आग्नेयेकडे पाहा. वृश्चिक राशीचा विंचू वर चढलेला असतो आणि त्याच्या मध्यावर ज्येष्ठा हा तांबूस तारा चमकत असतो. विंचवाच्या नांगीच्या डावीकडे, धनू राशीच्या बाजूला आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. उर्दूत आकाशगंगेला कहकशाँ म्हणतात. गवताच्या काड्या ओढत नेल्यावर वाटेवर पडलेली रेघ, असा त्या मूळ फारसी शब्दाचा अर्थ. गाव अंधारे असेल तर ही रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते आणि कॅमेऱ्यात तर तिच्यातले काळे धुळीचे पट्टेही उतरतात.

त्यासाठी आकडे असे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स १८ वर ठेवा, एफ ३.५, आयएसओ ३२००, वेळ १५ ते १८ सेकंद. वेळ यापेक्षा वाढवू नये. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात आणि जास्त वेळ उघड्या राहिलेल्या फोटोत ते ठिपक्याऐवजी छोटी रेघ होतात. किती सेकंद चालतील याचा सोपा हिशेब आहे. लेन्सच्या आकड्याला साध्या डीएसएलआरसाठी दीडने गुणा आणि येणाऱ्या संख्येने ५०० ला भागा. १८ ची लेन्स असेल तर गुणाकार २७, आणि ५०० भागिले २७ म्हणजे जेमतेम १८ सेकंद. ५० ची लेन्स असेल तर फक्त ६ सेकंद. शहरात आयएसओ ८०० आणि वेळ पाच-आठ सेकंदच ठेवावा, नाहीतर सारे आकाश केशरी होते.

दुसरा अशरा: बद्र

चौदाव्या रात्रीच्या चंद्राला बद्र म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र सोपा वाटतो, पण बहुतेकांच्या फोटोत तो पांढऱ्या थाळीसारखा येतो. कारण कॅमेऱ्याला आजूबाजूचा अंधार दिसतो आणि तो चंद्रालाही अंधारातली वस्तू समजतो. प्रत्यक्षात चंद्रावर तेव्हा लख्ख ऊन पडलेले असते. उन्हातली वस्तू टिपतो तसेच त्याला टिपायचे. आयएसओ १००, एफ ८, शटर १/२०० सेकंद एवढ्यावर त्याचे डाग आणि विवरांतून निघालेले किरण दिसू लागतात. अर्धा चंद्र असेल तर १/६० सेकंदापर्यंत यावे. विवरांचा उठाव खरे तर अर्ध्या चंद्रातच छान येतो, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात.

चंद्र आकाशात केवळ अर्धा अंश जागा व्यापतो. हात लांब करून करंगळीचे टोक समोर धरले तर चंद्र त्यामागे सहज लपतो. म्हणून साध्या लेन्समध्ये तो ठिपक्याएवढा येतो. लेन्सच्या आकड्याला ११० ने भागले की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चंद्राचे चित्र किती मिलिमीटरचे पडेल ते कळते. ५० च्या लेन्सला अर्धा मिलिमीटरही नाही, २०० च्या लेन्सला जवळपास दोन मिलिमीटर. हे एकदा समजले की मोठ्या चंद्राचा हट्ट सुटतो आणि चंद्रासह गाव, डोंगर, नदी असे चित्र शोधावेसे वाटते.

पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, म्हणजे रमजानच्या साधारण अठराव्या रात्री शेजारच्या घरात संकष्टीच्या चंद्रोदयाची वाट पाहिली जात असते. नेमकी तीच तरावीहची वेळ. एका मजल्यावर नमाज आणि दुसऱ्या मजल्यावर मोदकांचे ताट, दोन्ही घरे एकाच चंद्राच्या हिशेबाने चालतात. पूर्वेला उगवणारा तो तांबूस चंद्र इमारतींमधून वर येताना टिपावा आणि फोटो त्या शेजाऱ्यांना पाठवावा. ईदच्या शीरखुर्म्याआधीची ही छोटी भेट होईल.

तिसरा अशरा: सुरैया आणि सुहैल

शेवटच्या दहा रात्री इबादतीच्या. तरीही मशिदीतून घरी येताना दोन मिनिटे मान वर करायला हरकत नाही. पश्चिमेला मृग नक्षत्र कलू लागलेले असते. त्याच्या खाली रोहिणीचा तांबूस तारा आणि आणखी खाली कृत्तिकांचा झुपका. या कृत्तिकांना अरबीत सुरैया म्हणतात. आपल्या घराघरांत हे मुलीचे नाव आहे, पण किती सुरैयांनी आकाशातली सुरैया पाहिली असेल? रोहिणीचे पाश्चात्त्य नकाशातले नाव अल्डेबरन. हा मूळ अरबी शब्द अल-दबरान, म्हणजे मागून येणारा. तो सुरैयाच्या मागोमाग उगवतो म्हणून हे नाव.

आता दक्षिणेकडे वळा. व्याधाच्या बरेच खाली, क्षितिजापासून दीड-दोन मुठींवर एक शुभ्र तारा दिसतो. मराठीत तो अगस्त्य आणि अरबीत सुहैल. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. वाळवंटातल्या प्रवाशांची त्यावर भिस्त असे. उत्तर युरोपातून तो दिसतच नाही, महाराष्ट्रातून मात्र छान दिसतो. व्याधाचे अरबी नाव शिअरा, आणि त्याचा उल्लेख कुरआनात आहे. पहाटे ईशान्येला दिसणारा अभिजित म्हणजे व्हेगा आणि पूर्वेचा श्रवण म्हणजे अल्टेअर. ही दोन्ही नावे अरबीतल्या झेपावणाऱ्या आणि उडणाऱ्या गरुडावरून आलेली आहेत. एकाच ताऱ्याला आजीने अगस्त्य म्हणावे आणि शेजारच्या दादीने सुहैल म्हणावे, असे भाग्य आपल्या मातीला लाभले आहे.

ही नावे जगभर पोहोचली त्यामागे मोठे काम आहे. इराणमधील अब्दुर रहमान अल-सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. प्रत्येक तारकासमूहाची चित्रे त्यात दोन बाजूंनी काढली, एक आकाशात दिसते तसे आणि एक खगोलाच्या गोलावर बाहेरून दिसेल तसे. देवयानी तारकासमूहात एक लहानसा ढग असल्याचे त्यांनी नोंदवले. तो ढग म्हणजे आपल्या शेजारची दीर्घिका हे कळायला पुढे हजार वर्षे जाऊ लागली. समरकंदच्या उलुग बेगने १४३७ मध्ये हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी पूर्ण केली. दुर्बिणीचा शोध लागायला तेव्हा पावणेदोनशे वर्षे अवकाश होता.

तरावीहला जाण्यापूर्वी आणखी एक प्रयोग करता येईल. गच्चीवर कॅमेरा उत्तरेकडे रोखून ठेवा आणि वीस-वीस सेकंदांचे फोटो सलग निघत राहतील असे लावा. दीड तासाने परत आल्यावर ते सारे फोटो स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. ध्रुवाभोवती प्रत्येक ताऱ्याची बावीस-तेवीस अंशांची कमान उमटलेली दिसेल. ध्रुव आपल्याकडून किती उंच दिसतो? जितके गावाचे अक्षांश तितके अंश. पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे पुण्यातून उत्तरेच्या क्षितिजावर जेमतेम दोन मुठी.

अंधाऱ्या गावी असाल तर आणखी एक दुर्मीळ गोष्ट टिपता येईल. फजरच्या हिशेबात आपले बुजुर्ग सुबह-ए-काजिब आणि सुबह-ए-सादिक असा भेद शिकवत आले आहेत. काजिब म्हणजे खोटी पहाट. उंच सुळक्यासारखा फिकट उजेड आधी दिसतो आणि सादिक म्हणजे खरी पहाट क्षितिजावर आडवी पसरत येते. त्या सुळक्याला खगोलशास्त्रात राशिचक्र प्रकाश म्हणतात. ग्रह ज्या पातळीत फिरतात तिथल्या सूक्ष्म धुळीवरून परतलेला तो सूर्यप्रकाश आहे. पहाटे तो शरद ऋतूत अधिक ठळक असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र तो संधिप्रकाश विझल्यावर पश्चिमेला चांगला दिसतो. चंद्र नसलेल्या रात्री, आकाशगंगेसाठी सांगितलेल्याच आकड्यांवर त्याचा फोटो येतो.

अंधाऱ्या खोलीपासून कॅमेऱ्यापर्यंत

कॅमेरा या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ खोली असा आहे. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र असेल तर बाहेरचे दृश्य आत उलटे उमटते, या निरीक्षणावरून हे नाव आले. दहाव्या शतकात बसरा येथे जन्मलेल्या आणि कैरोत हयात घालवलेल्या इब्न अल-हैसम यांनी अशा अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचे प्रयोग केले. सूर्यग्रहणाच्या वेळी छिद्रातून आत पडलेली सूर्याची प्रतिमा कोरीसारखी का दिसते, यावर त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, ही जुनी कल्पना त्यांनी नाकारली. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो हे त्यांनी मांडले आणि त्याला प्रयोगांची जोड दिली. त्यांच्या 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर युरोपात शतकानुशतके अभ्यासले गेले. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा या ग्रंथाला हजार वर्षे झाल्याचे युनेस्कोने आवर्जून स्मरण केले.

या माणसाचा सर्वांत मोठा धडा भिंगांपेक्षाही वेगळा आहे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा, हा तो धडा. आज त्याची गरज आकाशापेक्षा आपल्या मोबाइलला जास्त आहे.

फोटो आणि गवाही

चांदची गवाही ही आपल्याकडे जबाबदारीची गोष्ट मानली जाते. कोणी चांद पाहिल्याचे सांगितले तर समिती त्याला विचारते, कुठे पाहिला, किती वाजता, टोके कोणत्या बाजूला होती, सोबत कोण होते. एका माणसाच्या शब्दावर लाखो लोकांचा रोजा किंवा ईद ठरते. अशा वेळी दर वर्षी २९ तारखेच्या संध्याकाळी भलत्याच ठिकाणचे, भलत्याच वर्षीचे फोटो गटागटांतून फिरू लागतात. कोणी खोडसाळपणे टाकतो, बहुतेक जण उत्साहाने पुढे ढकलतात. परिणाम एकच होतो. घराघरांत वाद होतात, एकाच गल्लीत दोन ईदा होण्याची वेळ येते आणि जबाबदार मंडळींची रात्र अफवा निस्तरण्यात जाते.

आकाशाचे थोडे ज्ञान असेल तर असे फोटो पटकन ओळखता येतात. कोरीची उजळ बाजू नेहमी सूर्य मावळला त्या दिशेलाच असते, ती उलटी असेल तर फोटो खोटा किंवा पहाटेचा. कोरीच्या दोन टोकांच्या आत तारा चमकत असेल तर तो फोटो नव्हे, नुसते चित्र आहे. कारण तिथे चंद्राचाच काळा भाग असतो आणि त्यातून तारा दिसणे शक्य नाही. पहिल्या रात्रीचा चंद्र सूर्यानंतर साधारण तासाभरात मावळतो. मागे काळेकुट्ट आकाश आणि त्यात उंचावर बारीक कोर असेल, तर तो आपल्याकडचा पहिल्या रात्रीचा चांद असू शकत नाही. मिनाराएवढा प्रचंड चंद्र असेल तर तो फार दुरून लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलेला असेल किंवा जोडलेला असेल.

आणखी एक गोष्ट नव्या काळाची. काही मोबाइल चंद्र ओळखतात आणि अस्पष्ट फोटोत आपल्याकडच्या माहितीतून बारकावे भरतात. फोटो देखणा होतो, पण त्यातला प्रत्येक डाग त्या रात्री त्या डोळ्याने पाहिलेला नसतो. सजावटीसाठी तो चालेल, साक्षीसाठी नाही.

म्हणून हिलालचा फोटो काढणाऱ्याने काही शिस्त पाळावी. कॅमेऱ्याचे घड्याळ आधी बरोबर लावावे. मूळ फाइल जपून ठेवावी, कारण तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचे आकडे तिच्यात नोंदलेले असतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही नोंद गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. फोटोसोबत गाव आणि वेळ लिहावी. उजेड कमी-जास्त करणे ठीक, चंद्र सरकवणे किंवा मोठा करणे नको.

फोटो हा चांद दिसल्याचा पुरावा मानावा की नाही, हा प्रश्न उलेमांचा आहे. तो त्यांनीच सोडवावा. प्रश्न सोपा नाही, हे मात्र फ्रान्सच्या थिएरी लेगो या छायाचित्रकाराने दाखवून दिले. ८ जुलै २०१३ रोजी, रमजान उंबरठ्यावर असताना, त्यांनी अमावास्येच्या नेमक्या क्षणी चंद्राची कोर टिपली. चंद्र तेव्हा सूर्यापासून केवळ साडेचार अंशांच्या आत होता. भर दिवसा, अवरक्त प्रकाशात आणि सूर्य झाकण्याची खास सोय करून त्यांनी हे साधले. कोणत्याही डोळ्याला ती कोर दिसणे शक्य नव्हते. यंत्राला दिसते ते सारे माणसाने पाहिले असे म्हणावे का? चांद पाहून रोजे सुरू करण्याची आणि ढगाळ असेल तर तीस पूर्ण करण्याची जी शिकवण आहे, तिच्यात माणसाच्या मर्यादेचा स्वीकार आहे. कॅमेऱ्याने त्या मर्यादेची आठवण ठेवावी, एवढे तर सर्वांना पटावे.

दहा मिनिटांचा अंधार

शेवटी एक विनंती, आणि ती आधी आपल्याच माणसांना. रमजानमध्ये आपण मोहल्ला उजळतो. कमानी, माळा, मिनारांवर दिवे, गच्चीवर हॅलोजन. आनंदाचे दिवस आहेत, रोषणाई व्हावी. पण ज्या गच्चीवरून चांद शोधायचा तिथेच चार हॅलोजन आकाशाकडे तोंड करून लावले, तर चांद दिसणार कसा? डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका झगमगाटाने ती क्षणात मोडते. दिव्यांची तोंडे खाली वळवावीत. २९ तारखेला मगरिबनंतर गच्चीवरचे दिवे निदान दहा मिनिटे बंद ठेवावेत. खर्च काहीच नाही, उलट वीजबिल वाचेल.

हा प्रश्न केवळ एका मोहल्ल्याचा किंवा एका धर्माचा नाही. मुंबई-पुण्याच्या मुलांनी आकाशगंगा पुस्तकातच पाहिलेली असते. अंधारही जपावा लागतो, हे आता जगाला उमगू लागले आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला तो पहिलाच. तिथे दिव्यांवर झाकणे बसवली, त्यांची तोंडे खाली केली आणि आकाश परत मिळाले. जंगलात जे जमले ते थोड्या प्रमाणात गल्लीतही जमेल.

ज्यांना यात रस वाटेल त्यांनी आकाशनिरीक्षण मंडळांशी संपर्क साधावा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. ईदच्या सुटीत मुलांना घेऊन गावी जाणार असाल तर तांदळाची पिशवी आणि कॅमेरा बरोबर ठेवा. ईदची पहिली कोर मावळली की रात्र पूर्ण अंधारी होते आणि पहाटे आकाशगंगा पुन्हा आग्नेयेला चढते. मुलांना सुरैया दाखवा, सुहैल दाखवा, आणि त्यांना मराठीत काय म्हणतात तेही सांगा. मग फोटो त्यांनाच काढू द्या.